हैदराबादची बारा वर्षं

अंबादास सरांच्या क्लासमध्ये "सर, झालं" असं म्हणायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हटलंच, तर ते खुर्चीवरून उठायचे, त्या मुलाच्या मागे येऊन उभे राहायचे आणि आपला उजवा तळहात थेट स्क्रीनवर टेकवायचे. मग विचारायचे, "आता सांगा, हाताखाली काय काय आहे?"

मुलाने सांगायचं. हाताखाली झाड आहे, झाडाखाली त्याची सावली, सावलीखाली भिंत, भिंतीमागे आकाश. झाड दहाव्या फ्रेमला हलायला लागतं, सावली बाराव्या. एक जरी थर सांगायचा राहिला तरी सर हात काढायचे नाहीत. "म्हणजे झालं नाही की. झाकलं की जे विसरतंय, ते तुमचं नव्हतंच." स्क्रीनवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटलेले असायचे. क्लासमध्ये सहा मशीन होती आणि सहाही स्क्रीनवर ते ठसे होते.

हे मी पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा माझ्या मनात आलं, या माणसाला स्क्रीनवर काय आहे ते समजत नाही, म्हणून तो पोरांकडून काढून घेतो.

मी भूमी अभिलेख खात्यात आहे. कागदोपत्री भूकरमापक, लोकांच्या तोंडी मोजणीदार. सव्वीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजतो आहे. आमच्या धंद्यात दोन्ही बाजूंचे शेतकरी एकाच दगडाकडे बोट दाखवून शपथा घेतात आणि दोघांचीही शपथ चुकीची निघते. त्यामुळे कुणी काही सांगितलं की मी आधी मनात मोजणीची साखळी टाकतो. हा गुण आहे की दोष, याचा निवाडा मी कधी केला नव्हता.

क्लासला जायचं कारण घडलं ते असं. एका संध्याकाळी घरी आलो तर भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोची काच गायब. चौकट जागेवर, फोटो जागेवर, काच नाही. बायको सुनंदा म्हणाली, "प्रज्ञाने नेली. क्लासला लागते म्हणे. बारा इंच बाय नऊ इंच हवी होती, तेवढीच निघाली."

प्रज्ञा आमची मुलगी. बारावीला तिला चांगले गुण पडले होते, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. तिने नको म्हटलं. तिला हलती चित्रं करायला शिकायचं होतं. जाहिरातींत अक्षरं उडत येतात, नकाशावर रेघा धावतात, तसली. घरात महिनाभर वाद झाला. शेवटी ठरलं ते तिच्याच शब्दांत सांगतो: "पप्पा, एक वर्ष द्या. वर्षात काम मिळालं नाही, तर तुम्ही म्हणाल तिथे प्रवेश घेते, एक शब्द बोलणार नाही." मी कॅलेंडरवर तारीख लिहून घेतली. पोरीचं एक वर्ष म्हणजे काय, हे ज्याच्या पोरीचं आहे त्यालाच कळतं. आणि त्या वर्षात ती कॉम्प्युटर शिकायला जाते म्हणून सांगून आजोबांच्या फोटोची काच घेऊन गेली होती.

आमच्या शहरातल्या नवी पेठेत साड्यांच्या एका दुकानाशेजारून जिना वर जातो. तेवीस पायऱ्या, शेवटची बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच. वर दारावर हाताने रंगवलेली पाटी होती, अक्षरं मात्र फार सुरेख: 'मोशन ग्राफिक्स व अ‍ॅनिमेशन. हैदराबाद येथील स्टुडिओतील बारा वर्षांचा अनुभव.' आत एक जाड भिंगाचा चष्मा लावलेला, अंगाने सडपातळ माणूस शर्टाच्या टोकाने काच पुसत बसला होता. माझीच काच.

मी म्हणालो, "माझ्या वडिलांच्या फोटोची काच आहे ती. परत द्या."

त्यांनी ती उजेडात धरली. "घ्या की, तुमचीच हाय. पण ह्याच्यावर तुमच्या पोरीनं ढग काढलाय. ढग पुसून नेता, का ढगासकट?"

मागे बसलेली पोरं हसली. प्रज्ञा हसली नाही. तिने मान खाली घातली.

मी म्हणालो, "मी जरा बसून बघतो इथे काय शिकवतात ते."

"बघायला बसायचं नाही ओ हितं. शिकायला बसायचं. सहावं मशीन रिकामं आहे. बसता?"

मी बसलो. त्या दिवसापासून पाच महिने, कचेरी सुटली की मी थेट क्लासला जात होतो. पावणेसातची बॅच. माझा हेतू शिकण्याचा नव्हता, पहाऱ्याचा होता. हे सरांनाही माहीत असावं. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. 'मोजणीदारसाहेब' म्हणायचे. प्रज्ञाला आणि सगळ्या मुलींना 'अम्मा' म्हणायचे. घरात त्यांची बोली तेलुगू होती.

नव्या माणसाने पहिले बारा दिवस मशीन सुरू करायचं नाही, असा नियम होता. त्यांच्याकडे लाकडाची एक पेटी होती, वरून उघडी. आतल्या बाजूला सात खाचा, एकाखाली एक. प्रत्येक खाचेत एक काच सरकवायची. सगळ्यांत खालच्या काचेवर आकाश, तिच्यावरच्या काचेवर डोंगर, मग घर, मग माणूस. वरून डोकावलं की सगळं मिळून एक चित्र दिसायचं. आता माणसाची काच हळूच ओढा, माणूस घरासमोरून चालत जातो, घर हलत नाही. "ह्यालाच लेअर म्हणतात," सर म्हणायचे. "कॉम्प्युटरमध्ये दुसरं काही नाही. काचाच आहेत, फक्त फुटत नाहीत." खालच्या काचेवर डाग असेल आणि पोरगं वरची पुसत बसलं, तर म्हणायचे, "अरे, घाण तळाला हाय. वरच्याला कशाला रगडतोस बे?"

ही पेटी त्यांना कशी सुचली, तेही सांगायचे. सोळाव्या वर्षापासून ते एका थिएटरसाठी स्लाईड रंगवत. मध्यंतरात पडद्यावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती यायच्या, त्या काचेच्या तुकड्यांवर हाताने काढलेल्या असत. एकदा त्यांनी एका सराफाच्या जाहिरातीत दोन काचा एकावर एक धरून वरची हळूहळू ओढली, आणि पडद्यावर दुकानाच्या नावामागून सूर्य उगवला. "पब्लिकनं शिट्ट्या मारल्या, साहेब. शिनेमाला नाही, सराफाला!"

गोष्ट चांगली होती. पण मी मनात नोंदवून ठेवलं, बारा दिवस झाले, अजून मशीनचं बटण दाबलेलं नाही.

मशीन सुरू झालं तेव्हा पहिला धडा चेंडूचा होता. एक गोल, पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत दोन सेकंदांत न्यायचा. एका सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पन्नास फ्रेम. अंतर हजार पिक्सेल. मी भागाकार केला, फ्रेमला वीस. प्रत्येक पाचव्या फ्रेमला शंभर-शंभरच्या खुणा केल्या आणि चेंडू चालवला. एका केसाचा फरक नाही. मला वाटलं, क्लासमध्ये सगळ्यांत अचूक काम माझंच.

सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "मेलंय ओ हे. तिरडी चालल्यावानी चाललंय."

त्यांनी स्वतःचा चेंडू दाखवला. तो सुटायचा, धावायचा, थबकायचा. मला त्यात काहीतरी गफलत वाटली. मी वहीत त्यांचा चेंडू फ्रेमगणिक मोजला. दोन पिक्सेल, मग पाच, मग अकरा, मग चोवीस, पुढे एकतीस आणि शेवटी पुन्हा कमी होत होत दोन. दुसऱ्या दिवशी तो तक्ता मी त्यांच्यापुढे ठेवला. चुकीच्या आकड्यांखाली तांबड्या शाईने रेघा मारल्या होत्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच आकड्यांखाली. म्हणालो, "तुमचा चेंडू प्रत्येक फ्रेमला वेगळं अंतर कापतो. मोजमापात हे चालत नाही."

मागच्या मशीनवर नौशाद बसायचा. तिशीचा, फ्लेक्स बोर्ड करणारा. तो म्हणाला, "सर, तुमच्या चेंडूची हद्द कायम करायला आलेत साहेब. नकाशा काढून ठेवा."

सर हसले नाहीत. तक्ता नीट वाचला. मग मला खिडकीपाशी नेलं. खाली रिक्षा उभी होती. "सुटली की दुकानांची शटरं मोजा. टाळीला किती?" ते टाळ्या वाजवत राहिले. रिक्षा सुटली. पहिल्या टाळीला अर्धं शटर, दुसरीला एक, तिसरीला अडीच, चौथीला चार. पुढे गर्दीत ती थांबायला लागली तर तीन, दीड, अर्धं.

"आता सांगा साहेब, रिक्षा चुकली का तुमचा चेंडू?"

सव्वीस वर्षं मी न हलणाऱ्या गोष्टी मोजत आलो होतो, आणि हलणारी गोष्टही तशीच मोजली होती. त्या दिवशी माझा तक्ता त्यांनी परत दिला नाही. भिंतीवर लावला. तांबड्या रेघांसकट. नव्या पोरांना दाखवून सांगायचे, "हे आकडे बरोबर आहेत. रेघा तेवढ्या साहेबांच्या आहेत."

माणूस जाणता होता, हे मी तेव्हाच मान्य केलं. पण त्यामुळे माझा संशय वाढला. एवढं कळणाऱ्या माणसाला मेन्यू कुठे आहे ते सापडत का नाही? काही नवीन शिकवायचं असलं की ते आधी टेबलाच्या खणातून तांबड्या पुठ्ठ्याची वही काढायचे, चष्मा वर करून वाचायचे आणि म्हणायचे, "नौशाद, तू दाब. मी बघतो." स्वतः माऊस हातात धरला तर काच धरावी तसा दोन बोटांनी धरायचे. बारा वर्षं स्टुडिओत काढलेला माणूस असा माऊस धरतो?

मी हिशेब मांडला. सर अठ्ठावन्न वर्षांचे. थिएटर बंद झालं तेव्हा आमची प्रज्ञा बालवाडीत होती, म्हणजे चौदा वर्षांपूर्वी. शेवटच्या खेळापर्यंत आपणच स्लाईड रंगवल्या, हे ते अभिमानाने सांगत. म्हणजे तेव्हा वय चव्वेचाळीस. क्लास सुरू करून पाच वर्षं झाली, म्हणजे तेव्हा त्रेपन्न. मधली राहिली नऊ वर्षं. त्यातली सहा वर्षं त्यांनी आणि नौशादने एकाच दुकानात फ्लेक्स काढले, हे नौशादनेच सांगितलं होतं. नऊ वजा सहा, तीन. तिनात बारा बसत नाहीत.

एका शनिवारी बाहेरगावची मोजणी लवकर उरकली आणि मी साडेचारलाच क्लासवर पोचलो. दार लोटलेलं होतं. आत सर एकटे. स्क्रीनवर एक पोरगेलासा मुलगा हिंदीत काहीतरी शिकवत होता, एक लेअर दुसऱ्याच्या मागे बांधला तर पुढचा हलला की मागचाही कसा हलतो. सर तो व्हिडिओ थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत आणि तांबड्या वहीत लिहीत होते. ओठ हलत होते, शाळेतल्या मुलासारखे. मी आवाज न करता खाली उतरलो आणि पावणेसातला वर आलो. त्या संध्याकाळी सरांनी तोच धडा शिकवला. "बैल गेला की गाडी जाते. पण गाडी हलवली तर बैल हलेल का? नाही की. मग बांधताना बघा, कुणाला कुणाच्या मागं बांधायलाय ते." बैलगाडी त्या मुलाच्या व्हिडिओत नव्हती.

घरी जेवताना मी सांगितलं. म्हणालो, "हा माणूस तुमच्यापेक्षा दोन तास पुढे आहे. फक्त दोन तास."

प्रज्ञाने घास गिळला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तरी जाता?"

"व्हिडिओ मी पण बघते, पप्पा. व्हिडिओतला मुलगा येऊन माझ्या स्क्रीनवर हात ठेवत नाही."

सुनंदा म्हणाली, "बास करा आता. तुमचं निम्मं लक्ष जेवणात असू द्या." पण माझं समाधान झालं नाही. पोरं शिकत होती, हे खरं. पण दारावरची पाटी खोटी होती, हेही खरंच. खोट्या पाटीखाली माझ्या मुलीचं वर्ष चाललं होतं. मला ते सहन होईना.

पुढच्या मंगळवारी मी विचारलं. त्या दिवशी टेंभुर्णीहून एक जोडपं आपल्या मुलीला घेऊन चौकशीला आलं होतं, बाकावर बसलं होतं. ते त्या दिवशी आले हा योगायोग. पण मी दहा मिनिटं थांबू शकलो असतो. थांबलो नाही. ही गोष्ट लिहायलाच हवी.

"सर, हैदराबादला कुठल्या स्टुडिओत होतात तुम्ही?"

ते एका मुलाच्या मागे उभे होते. वळले. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. पुसायला बराच वेळ लागला.

"स्टुडिओच्या आत नव्हतो साहेब. बाहेर होतो. त्यांच्या भिंती आणि बोर्ड रंगवायचं काम होतं. सहा महिने."

टेंभुर्णीच्या गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं, "विचार करून सांगतो" म्हणाले आणि तिघं खाली उतरली. तेवीस पायऱ्या उतरताना त्यांच्या चपला ऐकू येत होत्या. मी बरोबर होतो. माझ्या हिशेबापेक्षाही फरक मोठा निघाला होता. तरी मला माझ्या खुर्चीत बसवेना.

दुसऱ्या दिवशी गेलो तर पाटीवरची दुसरी ओळ पांढऱ्या रंगाने नीट झाकलेली होती. ब्रशाची एक रेघ दिसत नव्हती. पंधरवड्यात दोन मुलं सोडून गेली, नवीन कुणी आलं नाही. सहाचे आम्ही चार उरलो. सरांनी सांगितलं, "मे अखेर बंद करायलोय क्लास. अम्माची फिल्म अर्धी आहे, ती पुरी होईपर्यंत हितं बसणार. नंतर मशीनं नौशाद नेणार."

प्रज्ञाची फिल्म म्हणजे तिचं नमुन्याचं काम. पुण्याच्या एका लहानशा स्टुडिओत नवशिक्या मुलांना घेणार होते आणि त्यांना चाळीस सेकंदांची फिल्म पाठवायची होती. चाळीस गुणिले पंचवीस, एक हजार फ्रेम. चारशेच्या आसपास झाल्या होत्या. कॅलेंडरवरची माझी तारीख सात आठवड्यांवर होती. दुसरीकडे अर्ज करायला तिच्याकडे वेळ नव्हता, आणि फिल्म पुरी करता येईल असं मशीन आमच्या घरी नव्हतं. प्रज्ञा माझ्याशी बोलायची बंद झाली. क्लासला आम्ही एकाच स्कूटरवरून जायचो आणि एक शब्द बोलायचो नाही.

सर मात्र माझ्याशी पूर्वीसारखेच होते, आणि तेच मला जड जायचं. माझ्या स्क्रीनवर हात ठेवून विचारायचे, "सांगा साहेब, हाताखाली काय?" एकदाच, मशीन बंद करताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही खरं बोलला. पण गाडी झटक्यात सोडली की आतली माणसं पडतात ओ."

मी म्हणालो, "पाटीवर खोटं तुम्ही लिहिलं होतं."

"मीच की. माझ्याच हातानं. अक्षर चांगलं आलं म्हणून पुसवेना."

प्रज्ञाची फिल्म कशावर आहे हे मला तेव्हा कळलं, तेही तिच्या पाठीमागून पाहून. दोन शेतं, मध्ये बांध, बांधावर हद्दीचा दगड. दोन्ही बाजूंना घरं वाढतात, माणसं म्हातारी होतात, आणि दगड हळूहळू एका बाजूला सरकत जातो. कुणीच त्याला हात लावत नाही. तिने ते माझ्याकडून ऐकलं होतं, लहानपणी, जेवताना. मी तिला कामाबद्दल कधी काही शिकवलं आहे, असं मला वाटत नव्हतं.

सर तिला म्हणत होते, "दगड सरकताना दिसू नये अम्मा. सरकलाय हे दिसावं." तिने तीन वेळा केलं, तिन्ही वेळा दगड घसरल्यासारखा दिसायचा. मी कागदावर गणित मांडलं. एकूण सरक साठ पिक्सेल, फ्रेम हजार, म्हणजे फ्रेमला पिक्सेलचा सोळावा भाग. डोळ्याला दिसणं शक्य नाही, पण तिने तो दोनशे फ्रेममध्ये उरकला होता. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत न्यायला हवा. कागद तिच्या की-बोर्डवर ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. थोड्या वेळाने तिने दगड तसा चालवला. सरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हात ठेवलाच नाही. "गणित कुणाचं?" त्यांनी विचारलं. प्रज्ञाने मानेने माझ्याकडे खूण केली. त्या क्लासमध्ये माझा झालेला उपयोग तेवढाच.

फिल्म झाली. पाठवली. स्टुडिओने क्लासचं पत्र मागितलं. सरांकडे जुने छापील कागद होते आणि त्यांच्यावर पाटीवरची तीच ओळ छापलेली होती, हैदराबाद, बारा वर्षं. सर पेन घेऊन ती खोडायला लागले. प्रज्ञा म्हणाली, "सर, खाडाखोड केलेलं पत्र कसं पाठवायचं? आजच पाठवायचं आहे." सरांनी माझ्याकडे पाहिलं. जो माणूस चारचौघांत त्या ओळीचा जाब विचारतो, त्याने आता बोलायला हवं होतं. मी भिंतीवरच्या माझ्या तक्त्याकडे बघत राहिलो. पत्र गेलं.

प्रज्ञाला पुण्याला बोलावलं. ती आईबरोबर सकाळच्या गाडीने गेली. "तुम्ही नका येऊ पप्पा," एवढंच म्हणाली. मी रजा काढली होती. घरात बसवेना, म्हणून दुपारी क्लासवर गेलो. सर एकटेच पेटीच्या काचा कागदात गुंडाळत होते. मी कागद फाडून देऊ लागलो.

साडेतीनला फोन वाजला. सरांना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून ते फोन टेबलावर ठेवून स्पीकरवरच बोलत. पुण्याच्या स्टुडिओतल्या बाई होत्या. प्रज्ञाचं काम आवडल्याचं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या पत्रावर हैदराबादचा बारा वर्षांचा अनुभव आहे. कुठला स्टुडिओ?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणा. कुठलंही नाव सांगा. ते थांबले तर पुन्हा हलवली. दोनदा.

"नाही मॅडम," सर फोनकडे वाकून म्हणाले. "ते खोटं आहे. मी तिथं भिंती रंगवल्या. सहा महिने. थिएटरच्या स्लाईड रंगवणारा माणूस मी."

"मग या मुलीला शिकवलं कुणी?"

"बटणं व्हिडिओतल्या एका पोरानं शिकवली. मोजायचं तिच्या बापानं. बघायचं थोडं मी. बाकी तिचंच आहे."

बाईंनी "ठीक आहे, कळवतो" म्हणून फोन ठेवला.

मी उभा राहिलो होतो. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. माझ्या पोरीचं वर्ष, तुमच्या एका वाक्याने. पण कुठल्या तोंडाने ओरडणार? सरांनी एक काच उचलली, कागदात गुंडाळली, सुतळी बांधली.

"साहेब," ते म्हणाले, "तुमची मान मी बघितली. कुणाला सांगणार नाही."

नऊ दिवसांनी निरोप आला. प्रज्ञाला घेतलं होतं. ती पुण्याला गेली, सुनंदा तिची खोली लावून देऊन परत आली. कॅलेंडरवरच्या तारखेला आणखी अकरा दिवस बाकी होते. पुढे दिवाळीला घरी आली तेव्हा तिने बोलता बोलता सांगितलं, "मला त्यांनी आधी तेच विचारलं होतं, तुमचे सर खरंच हैदराबादला होते का म्हणून. मी सांगून टाकलं, नव्हते, ते छापील खोटं आहे. मग त्यांनी माझ्यासमोरच सरांना फोन लावला. सर काय सांगतात ते बघायला." मी उठून पाणी प्यायला गेलो. सरांनी माझी मान ऐकली असती, तर खोटं कुणाचं धरलं गेलं असतं, पोरीचं की गुरूचं, हा हिशेब मी स्वयंपाकघरात उभा राहून केला आणि तो कुठल्याही बाजूने केला तरी उत्तर एकच येत होतं, काम पोरीचंच जात होतं.

क्लास बंद झाल्यावर सर करमाळ्याला मुलीकडे राहायला गेले. महिन्या-दोन महिन्यांनी माझं त्या बाजूला काम निघायचं, तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून जायचो. ते अंगणात बसलेले असायचे, मोबाईलवर कसलासा धडा बघत, मांडीवर तांबडी वही. प्रज्ञाची चौकशी करायचे. "आता तीच पाठवते मला, काय नवीन आलंय ते. म्हणती, सर, हे बघून ठेवा." फोनच्या त्या दुपारचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी वाट बघायचो. चहा यायचा, चहा व्हायचा, मी निघायचो.

गेल्या उन्हाळ्यात नौशादचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. प्रज्ञा पुण्याहून आली, आम्ही तिघं कारने करमाळ्याला जाऊन आलो. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "पप्पा, सर मला तुमच्याबद्दल नेहमी एकच सांगायचे. म्हणायचे, तुझा बाप लई खरा माणूस."

मी गाडी चालवत राहिलो.

सरांनी दिलेला शब्द पाळला. नौशादला माहीत नाही, सुनंदाला माहीत नाही. प्रज्ञाला हे इथे वाचूनच कळेल.